सर्वानुमते

आमच्या घरी हळू बोलायची पद्धतच नव्हती. माय जिनिंगमध्ये रेच्यावर होती आणि बाबा राजूरच्या कोळसा खाणीत. एकीच्या कानात दिवसभर यंत्रांची खडखड, दुसऱ्याच्या कानात सुरुंगांचे धमाके. बाबा रविवारच्या सुट्टीला घरी आले की दोघं चुलीच्या दोन बाजूंना बसून साधं मीठ मागायची, तर शेजारची म्हातारी दारात येऊन विचारायची, "काय झालं व कमळे, भांडून राह्यली का?" माय आतून ओरडायची, "नाई व माय, जेवून राह्यलो!" मला त्या ओरडण्याची भारी लाज वाटे. वर्गातल्या मुलींच्या आया कशा मऊ, साखर घोळल्यासारख्या बोलायच्या, आणि आमची माय गल्लीच्या तोंडापासून "रंजेऽऽ" करत यायची. आता मी एकटी राहते, घरात फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येते, आणि कधीकधी वाटतं, कोणीतरी येऊन कान किटेस्तोवर ओरडावं. हसाल तर हसा. वय झालं की अशी खुळं सुचतात.

रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. मुकुटबनकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या गावची सहकारी जिनिंग होती. दिवाळी झाली की ती सुरू व्हायची आणि होळीनंतरही काही दिवस चालायची. लांबलचक शेडमध्ये ओळीनं रेचे, आणि प्रत्येक रेच्यापुढं एक बाई. कापसाचा पुंजका हाती घ्यायचा, बोटांनी मोकळा करायचा, त्यातली काडी-पाती काढून टाकायची आणि रुळाच्या तोंडाशी द्यायचा. रुई पुढं पडायची, सरकी खाली. नाकातोंडाला फडकं बांधलेलं असलं तरी माय घरी यायची ती भुवया पांढऱ्या करून. धुळीनं घसा धरू नये म्हणून जिनिंगकडून बायांना गुळाचा खडा मिळायचा. माय त्यातला अर्धा खायची आणि अर्धा पदराच्या गाठीत बांधून माझ्यासाठी आणायची. मी बारावी पास होऊन टायपिंगची परीक्षा दिली तरी तो खडा यायचाच. मी म्हणायची, "माय, मी का लहान हावो का आता?" तर म्हणायची, "मंग थुकून दे." थुंकेल कोण! संध्याकाळी भाकर, अंबाडीची भाजी, तिच्यावर कच्चं तेल आणि शेवटी तो गूळ. पुढं हॉटेलांत पुष्कळ जेवले, पण त्या जेवणाची सर कशाला आली नाही.

या चाळीसेक बायांची एक रीत होती, ती आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. दुपारच्या सुट्टीत सगळ्या आवारातल्या लिंबाखाली गोल करून डबे सोडायच्या आणि त्यांचे सगळे निर्णय तिथंच व्हायचे. एखादी गोष्ट त्यांना मान्य असली की त्या कडाकडा भांडायच्या. कोणाच्या लेकीच्या लग्नाला सगळ्यांनी मिळून भांडं द्यायचं ठरलं, तर ते पितळेचं की स्टीलचं, यावर अर्धा तास उखाळ्यापाखाळ्या चालायच्या. "तुले काय समजते व!" "अन् तुले लय समजते!" असं झालं की समजावं, भांडं जाणार. पण गोष्ट नामंजूर असली की एकही बाई नाही म्हणायची नाही. समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं म्हणजे त्याचा पाणउतारा, असं त्यांना वाटे. त्या नुसत्या गप्प व्हायच्या. पदर कपाळावर ओढून घ्यायच्या आणि भाकरीकडं बघत चावत राहायच्या. माय म्हणायची, "बाई भांडते तवर समज, तिले ते काम आपलं वाटते. गप बसली का संपलं."

एकदा मुकादमानं विचारलं, काम तुंबलंय, येत्या रविवारी याल का? सगळ्या गप्प. त्याला वाटलं, कोणाची हरकत नाही. रविवारी तो सकाळी येऊन इंजिन सुरू करून बसला आणि एक बाई फिरकली नाही. घरी मायनं त्याची नक्कल करून दाखवली होती, रिकाम्या शेडमध्ये तो कसा दाराकडं पाहत उभा राहिला त्याची. मी पोट धरून हसले होते. म्हणजे मला ती रीत पुरती ठाऊक होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

त्याच जिनिंगच्या ऑफिसात मी हंगामी कारकून म्हणून लागले. मॅनेजर होते ढोलेसाहेब. माणूस वाईट नव्हता हो, खरंच नव्हता. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, आणि बोलताना समोरच्याला "बरं का" म्हणायची सवय. ती वर्षं कापसाला वाईट होती. बोंडं किडायची, भाव मिळायचा नाही, आणि जो काही कापूस घरात यायचा तो घेऊन शेतकऱ्यांच्या बैलबंड्या आमच्या फाटकासमोरून सरळ वणीच्या रस्त्याला निघून जायच्या. तिकडं नवी खाजगी जिनिंग झाली होती. तिथं कापूस आपोआप रेच्यात पडायचा, बाईचा हात लागायचा नाही, आणि शेतकऱ्याची बंडी तासाभरात मोकळी व्हायची. आमच्याकडं तोच माणूस दोन दिवस बैलांसकट ताटकळायचा. साहेब खिडकीतून त्या बंड्या पाहत राहायचे आणि म्हणायचे, "रंजना, आपण बदललो नाही तर आपल्याला कुलूप लागेल, बरं का." ते खोटं नव्हतं.

मग वरच्या ऑफिसातून नव्या यंत्रांना मंजुरी मिळायची वेळ आली, पण तिला एक अट होती. कामगारांना विश्वासात घ्या, सभा घ्या, त्यांची लेखी संमती पाठवा. साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "मी सांगितलं तर बाया ऐकणार नाहीत. तू त्यांच्यातली आहेस. नीट समजावून सांग. हे जमलं तर तुला कायम करायचं मी बघतो." मी विचारलं, "साहेब, बायांच्या कामाचं काय?" ते म्हणाले, "कचरा वेचायला, रुई उचलायला बाया लागतीलच. सगळ्यांना सामावून घ्यायचा प्रयत्न करू." मी एकोणीस वर्षांची होते. कायम नोकरी हे शब्द आमच्या घरात आजवर कोणी उच्चारलेसुद्धा नव्हते. मी तीन दिवस आरशासमोर भाषण पाठ केलं.

शनिवारी दुपारी लिंबाखाली सभा झाली. साहेबांना खुर्ची, मला उभं राहायला जागा, आणि समोर जमिनीवर सगळ्या बाया. पुढंच माय आणि तिच्याजवळ सोनाबाई. सोनाबाई म्हणजे झरीकडच्या रानातल्या कोलामांच्या पोडावरून, त्यांच्या वस्तीवरून, रोज पायी येणारी मायची मैत्रीण. दोघींचे रेचे शेजारी. मी बोलले, आणि छान बोलले. जग बदलतंय, आपणही बदललं पाहिजे. धूळ कमी होईल, खोकला जाईल. जिनिंग टिकली तर गाव टिकेल. आणि मग मी म्हटलं, "कोणाचंही काम जाणार नाही. सगळ्यांना दुसरं काम नक्की मिळेल." साहेबांनी दिलेला 'प्रयत्न' मी खाऊन टाकला आणि तिथं 'नक्की' ठेवला. साहेब खुर्चीत हलले, पण बोलले काही नाहीत. शेवटी मी विचारलं, "कोणाला काही विचारायचं आहे?"

एकीनंही तोंड उघडलं नाही. एकेक पदर कपाळावर आला. सोनाबाई काडीनं मातीत रेघा ओढत होती. माय माझ्याकडं पाहत होती. तिनं पदर ओढला नव्हता, पण बोलली तीही नाही. साहेब खुशीत उठले, "चला, कोणाचीच हरकत नाही," म्हणाले, आणि मला इतिवृत्त लिहायला सांगून गेले. मी ऑफिसात बसून सुवाच्य अक्षरात लिहिलं: विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर. चर्चा! त्या शांततेचा अर्थ त्या आवारात साहेबांना कळत नव्हता, मला कळत होता. पेन अडलं का माझं? नाही अडलं. आता इतक्या वर्षांनी मी उगाच साळसूद कशाला होऊ?

दुसऱ्या दिवशी बाबा आले. न्हाणीत बसून अंगावरचा कोळसा घासता घासता त्यांनी विचारलं, "सभा झाली म्हणे तुई. भांडलं का कोणी?" मी म्हटलं, "हाव, थोडंसं." ते म्हणाले, "मंग ठीक हाय. तुया आज्यानं दीक्षा घेतली अन् घरातले देव नाल्यात सोडाचे ठरवले, तवा तुई आजी आठ दिवस भांडली त्याच्यासंग. पण नवव्या दिवशी तिनंच टोपलं उचललं डोक्यावर." माय तेव्हा घरात नव्हती. सकाळी भाकरी टाकून, बुद्धाच्या फोटोसमोर वंदना करून जी बाहेर पडली ती दिवस मावळताना आली, पाय धुळीनं भरलेले. कुठं गेलतीस विचारलं तर म्हणाली, "काम होतं." मलाही तिच्या नजरेला नजर द्यायची नव्हती, म्हणून मी पुढं विचारलं नाही.

आणि सोमवारी नवलच झालं. संमतीचा कागद खिडकीत ठेवून मी बसले होते. वाटत होतं, आज माझाही मुकादम होणार. तर सकाळी सगळ्या बाया ओळीनं आल्या. कोणी सही केली, बहुतेकींनी अंगठे दिले. सोनाबाईनं अंगठा दिला आणि शाई केसांना पुसत माझ्याकडं पाहून हसलीसुद्धा. सगळ्यात शेवटी मायनं साक्षरतेच्या वर्गात शिकलेली वाकडीतिकडी सही केली. मी अक्षरशः तरंगत होते. साहेब म्हणाले, "रंजना, तुला लोकांना पटवता येतं. ही फार मोठी गोष्ट आहे, बरं का." हे वाक्य मी पुढं जन्मभर वापरलं. कायम झाले, बाहेरून शिकले, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रशिक्षणाच्या कामात गेले आणि कार्यालयांतून, कारखान्यांतून, बचत गटांतून लोकांना बदलाचं व्यवस्थापन शिकवत फिरले. फळ्यावर बाण काढायची, गोल काढायची. आणि उदाहरण कोणतं द्यायची माहीत आहे? हेच. "शनिवारी सगळ्या गप्प होत्या, सोमवारी सगळ्यांनी संमती दिली. लोकांना विचार करायला एक दिवस द्या, त्यांच्या भाषेत सांगा, विरोध विरघळतो." टाळ्या पडायच्या. उदाहरण सोमवारीच संपवायची मी. दिवाळीपर्यंत कधी नेलं नाही.

उन्हाळ्यात यंत्रं बसली. दिवाळीनंतर जिनिंग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला एक कागद टाइप करायला दिला. त्यावर आठ नावं होती. मी विचारलं, "आणि बाकीच्या, साहेब?" ते कपाळ चोळत म्हणाले, "वरून एवढ्याच मंजूर झाल्या. मी पुष्कळ भांडलो, बरं का." पहिलं नाव मायचं होतं. ते माझ्या भिडेनं घातलं होतं, हे काय मला कळत नव्हतं? मी यादी टाइप केली, दोन प्रती काढल्या, घरी गेले आणि कोणाला काही सांगितलं नाही. माय दुसऱ्या दिवसासाठी फडकी धुऊन वाळत घालत होती. सांगायला तोंड उघडलं होतं मी, देवाशप्पथ उघडलं होतं. आमच्या घरात देवाची शपथ चालत नाही, तरी सवयीनं आली जिभेवर. पण मी तोंड मिटलं.

सकाळी मी लवकर जाऊन ऑफिसात बसले. फाटकावर चौकीदारानं यादी लावली. बाया आल्या. सहीपुरतं काहीजणींना यायचं, पण वाचता येणारी एकटी माय. तिनं बोट ठेवून एकेक नाव मोठ्यानं वाचलं, आठही. मग पुढं काही आहे का म्हणून कागद उचलून मागं पाहिलं. मला खिडकीतून सगळं दिसत होतं. नवीन यंत्रांचा आवाज जुन्यांपेक्षा कमी होता, त्यामुळं ऐकूही येत होतं. माय चौकीदाराला म्हणाली, "माह्यं नाव खोड." तो म्हणाला, "अवो कमळाबाई, येडी झाली का? पोरगी कायम हाय तुई इथं." ती म्हणाली, "म्हनूनच खोड." आणि सगळ्याजणी डबे हातात घेऊन आल्या वाटेनं परत गेल्या. एकदाही तिनं ऑफिसच्या खिडकीकडं पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी मी रागे भरून घ्यायला तयार होऊन घरी गेले. खरं तर मला तेच हवं होतं. तिनं मला झाडूनं मारावं, गल्ली गोळा करावी. तिनं ताट वाढलं आणि म्हणाली, "जेव." जन्मात पहिल्यांदा ती इतकं हळू बोलली. मी रडत म्हटलं, "माय, काहीतरी बोल नं व." तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि भांडी घासायला निघून गेली. त्यानंतर ती त्या बायांबरोबर लोकांच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जाऊ लागली. माझ्याशी सगळं बोलायची. माझ्या नवऱ्याचं, मुलांचं, दुखण्याखुपण्याचं. पण जिनिंगचं एक अक्षर नाही, आणि भांडली तर कधीच नाही. दोन हंगामांनंतर जिनिंगला कुलूप लागलंच. त्या नव्या यंत्रांसकट. तेव्हा मी दुसरीकडं गेले होते. ढोलेसाहेब म्हणे त्या दिवशी शेडमध्ये एकटेच बराच वेळ बसून होते. मी मायला ही बातमी सांगितली, तर तिनं डाळ निवडता निवडता नुसतं "अस्सं," म्हटलं.

माय गेली तेव्हा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला, म्हणजे आमच्यात गेलेल्याच्या नावानं वंदना आणि जेवण असतं त्याला, सोनाबाई आली. पाठ पार वाकलेली, पण आवाज तोच, मांडव हलेल असा. जेवणं झाल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले. इतक्या वर्षांचं साचलेलं एकदाचं ओकून टाकावं असं वाटलं. म्हटलं, "सोनाबाई, मी तेव्हा तुम्हाले खोटं सांगतलं. काम नक्की राहीन असं साहेब म्हणलेच नव्हते. मीच म्हटलं."

"मालूम हाय नं," ती म्हणाली.

"मालूम हाय म्हणजे? कवापासून?"

"तवापासून. तुया मायनंच सांगतलं. रविवारी आलती नं ते घरोघरी. माह्या पोडावर तं भर उन्हात पायी आलती. म्हणे, बायांनो, पोट्टी सांगते तसं काई होत नाई, मशीन आली का आपण गेलो. पण मशीन आज नाई तं उद्या येतेच म्हणे. अंगठे नाई देल्ले तं पोट्टीची नोकरी तेवढी जाईन. म्हनून द्या म्हणे, माह्यासाठी द्या."

"अन् तुमी देल्ले?"

"अशेच कायले देतो! लय भांडलो तिच्यासंग. एकीनं तं तिले दारातून हाकललं, तं बसली तिथंच दारात." सोनाबाई पाणी प्यायली आणि ओठ पुसले. "पण कमळानं कवा कोणाले काई मांगतलं नोतं व. पहिल्यांदा मांगून राह्यली होती."

मी विचारलं, "मला काहून नाही सांगितलं कोणी? इतकी वर्षं?"

"तिनं शपथ घालतली होती. म्हणे, तिले सांगू नोका. पोट्टीले वाटू द्या का तिनंच समजावलं. तिले पुढं लय लोकायसंग बोला लागते म्हणे, तिची हिंमत नाई मोडाले पाह्यजे." एवढं बोलून ती गुडघ्यावर हात टेकून उठली. तिची झरीची गाडी निघायची होती.

माय जिनिंगचं माझ्याशी कधीच का बोलली नाही, राग होता म्हणून की माझं गुपित सांभाळायला म्हणून, हे मला आता कोणीच सांगणार नाही. सोनाबाई गेली आणि मी मांडवात, सगळ्या पाहुण्यांसमोर, मायच्या नावानं मोठ्यानं हंबरडा फोडला. माय गेली त्या दिवशीसुद्धा मी अशी रडले नव्हते.